साथीच्या दिवसांतलं माप

बारा किलोचं मूल, अंगात ताप, आणि काउंटरवर पॅरासिटामॉलच्या तीन बाटल्या. पहिलीवर लिहिलंय 5 मिलीत 120 मिग्रॅ. दुसरीवर 5 मिलीत 250 मिग्रॅ. तिसरी छोटी, ड्रॉपरवाली, तिच्या 1 मिलीत 100 मिग्रॅ. तिन्हींत औषध एकच. मात्रा ठरते मुलाच्या वजनावर: किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. म्हणजे या मुलाला एका वेळी फार तर 180 मिग्रॅ. पहिल्या बाटलीतून ते 7.5 मिली होतं, दुसरीतून 3.6, तिसरीतून 1.8.

आता साथ चालू आहे असं धरा. या घरात नेहमी पहिली बाटली असते आणि टोपणातली कोणती खूण हे आईच्या हाताला पाठ झालेलं असतं. ती बाटली आज कुठेच मिळत नाही. दुकानात दुसरी आहे, ती दिली जाते. मागे रांग लागलेली, प्रत्येकाच्या तोंडावर मास्क, मध्ये काच किंवा प्लास्टिकचा पडदा. बोललेलं निम्मं ऐकूच येत नाही. ‘तेच आहे, तापाचं,’ एवढ्यावर काम उरकतं. घरी जाऊन जुन्याच खुणेपर्यंत औषध ओतलं जातं आणि मुलाच्या पोटात 375 मिग्रॅ जातं, म्हणजे दुपटीहून जास्त. तिसरी बाटली नेली असती तर 750. एवढ्याशा मुलाची दिवसभराची कमाल मर्यादा 720 आहे; ती एका घोटात ओलांडली गेली असती.

यात निष्काळजी कुणीच नव्हतं. चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, आई डोळ्यांत तेल घालून जपणारी. चुकलं फक्त माप. एरवी बाटली हातात धरून ‘हे नेहमीचं नाही बरं का, हे दुप्पट कडक आहे’ असं सांगण्यात जी दोन मिनिटं जायची, ती रांगेनं खाऊन टाकली.

साथीतल्या फार्मासिस्टला योद्धा म्हणण्याची पद्धत मला कधी पटली नाही. युद्धाला आवेश लागतो. या कामाला लागतो तो मोजायचा कंटाळा नसलेला माणूस, आणि तोही मागे चाळीस लोक उभे असताना. साथीत त्याच्याकडे अगदी नवं असं काम थोडंच येतं. जुनंच काम असतं, पण त्यातली सगळी उसंत काढून घेतलेली असते. नेहमीची कंपनी नाही, नेहमीची ताकद नाही, नेहमीचा डॉक्टर फोनवर सापडत नाही, सहकारी विलगीकरणात. चूक पकडली जायची ती याच सवडीत.

म्हणून अनुभवी माणूस काही गोष्टी अंगवळणी पाडून घेतो. लेबलवर ‘चमचा’ लिहायचं नाही, मिली लिहायचे. घरातले चमचे सारख्या मापाचे नसतात. शक्य असेल तर तोंडातून औषध द्यायची सिरिंज बरोबर द्यायची आणि योग्य रेघेवर पेनाने खूण करून दाखवायची. मोठ्यांना विचारायचं, ‘सर्दीची दुसरी कुठली गोळी चालू आहे का?’ कारण सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉल लपलेलं असतं. प्रौढाची दिवसाची मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या. तापानं हैराण झालेला माणूस तापाची वेगळी, अंगदुखीची वेगळी आणि सर्दीची वेगळी अशी घेत गेला, तर तो हिशेब रात्र व्हायच्या आत संपतो. त्यात या विषबाधेची खोड अशी की पहिला दिवस फारसं काही जाणवत नाही. यकृताचा त्रास दिसू लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि उतारा म्हणून दिलं जाणारं ॲसिटिलसिस्टीन सगळ्यांत चांगलं लागू पडतं ते पहिल्या आठ तासांत.

हा प्रकार आजचा नाही. 1918 च्या फ्लूत ॲस्पिरिन दिवसाला 8 पासून 31 ग्रॅमपर्यंत द्यावं, अशा शिफारशी तेव्हाच्या वैद्यकीय लिखाणात सापडतात. आज 4 ग्रॅमच्या पुढे जायला कुणी धजत नाही. त्या साथीतले काही मृत्यू फ्लूचे की ॲस्पिरिनचे, हा प्रश्न संशोधकांनी नंतर गंभीरपणे विचारला आहे.

2009 च्या स्वाइन फ्लूतलं एक उदाहरण तर प्रत्येक फार्मसी कॉलेजात फळ्यावर लिहून ठेवावं असं आहे. फ्लूवरच्या ओसेल्टामिविरचं मुलांसाठीचं पातळ औषध संपलं. कंपनीचं तयार औषध 1 मिलीत 12 मिग्रॅ ताकदीचं होतं. तुटवड्यात फार्मासिस्टनी मोठ्यांच्या 75 मिग्रॅच्या कॅप्सूल फोडून, सिरपात घोटून तेच औषध करायचं असं ठरलं. पण त्याची पाककृती होती 1 मिलीत 15 मिग्रॅची. एकाच शहरात, एकाच आठवड्यात, एकाच नावाची दोन ताकदींची औषधं. चिठ्ठीवर नुसतं ‘5 मिली’ लिहिलेलं असेल तर मूल 60 मिग्रॅ घेणार की 75, हे बाटली कुठून आली त्यावर ठरणार. त्यावर कडी म्हणजे कंपनीच्या खोक्यात जी सिरिंज होती तिच्यावर खुणा मिलीच्या नव्हत्या, मिलिग्रॅमच्या होत्या: 30, 45, 60. लेबलवर ‘पाऊण चमचा’ आणि हातात मिलिग्रॅमची सिरिंज. पाऊण चमचा म्हणजे 3.75 मिली, त्यात 45 मिग्रॅ. हे गणित रात्री दोन वाजता, तापानं फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन कोण करणार? 2009 च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं याबद्दल इशारा काढला आणि 2011 मध्ये औषधाची ताकदच बदलून 1 मिलीत 6 मिग्रॅ केली गेली. हलवल्यावर फेसही कमी येतो, म्हणून मोजायला सोपं. आता दुकानात करायची वेळ आली तरी मेळ बसतो: 75 च्या सहा कॅप्सूल, एकूण 75 मिली, म्हणजे बरोबर 6.

तुटवड्याचं मूळ दर वेळी कारखान्यातच असतं असं नाही, कधी ते एका वाक्यात असतं. 14 मार्च 2020 रोजी फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी कोविडचा संसर्ग बळावू शकतो, ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या. काही दिवसांतच जागतिक आरोग्य संघटनेनं आयबुप्रोफेनला आपला विरोध नसल्याचं स्पष्ट केलं, पण तोवर पॅरासिटामॉलवर उड्या पडल्या होत्या. 18 मार्चपासून फ्रान्समधल्या फार्मसींना बंधन आलं: लक्षणं नसतील तर माणशी एक खोका, असतील तर दोन. नियम लिहायला एक ओळ लागते. तो काउंटरवर पाळून घ्यायचा तर प्रत्येक माणसाला ‘तुम्हाला ताप आहे का?’ विचारायचं, आणि त्याचं उत्तर खरं मानायचं की नाही हे त्याच्या डोळ्यांकडे पाहून ठरवायचं.

वाटपाचं काम शासनानं नीट बांधून दिलं तर फार्मसीचं जाळं किती उपयोगी पडतं, ते मास्कच्या वेळी दिसलं. तैवानमध्ये 6 फेब्रुवारी 2020 पासून आरोग्यविम्याचं कार्ड दाखवून माणशी आठवड्याला दोन मास्क मिळू लागले, ओळख क्रमांक सम की विषम त्यावर वार ठरलेला. दक्षिण कोरियात मार्चमध्ये जन्मवर्षाच्या शेवटच्या अंकावरून वार लावून दिले: 1 आणि 6 वाल्यांचा सोमवार, 2 आणि 7 चा मंगळवार, असं शुक्रवारपर्यंत. रांगा एका दिवसात गेल्या नाहीत, पण निदान आपला वार कोणता हे माणसाला कळलं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोष्ट याहून कडवट आहे. ल्यूपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) आणि संधिवाताचे रुग्ण हे औषध वर्षानुवर्षं घेतात. 28 मार्च 2020 ला अमेरिकेत त्याला कोविडसाठी आपत्कालीन परवानगी मिळाली आणि 15 जूनला ती काढून घेतली गेली. त्याआधी दहा दिवस ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या औषध-चाचणीनं त्याचा उपयोग होत नसल्याचं जाहीर केलं होतं. मधल्या अडीच महिन्यांत काउंटरवर दोन प्रकारची माणसं येत होती. एकाला औषध ‘असू द्यावं घरात’ म्हणून हवं. दुसरीला ते संपलं तर सांधे आणि मूत्रपिंड धरतील म्हणून हवं. या औषधाचं शरीरातलं अर्धायुष्य साधारण चाळीस दिवसांचं. त्यामुळे जुन्या रुग्णाला गोळी मिळाली नाही तर त्या आठवड्यात काहीच होत नाही. आजार उसळतो तो कित्येक आठवड्यांनी, आणि तेव्हा त्या रिकाम्या कप्प्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

ज्या फार्मासिस्टनी पहिल्याच दिवशी जुन्या नोंदी चाळून नेहमीच्या रुग्णांची यादी काढली, त्यांच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या नाव घालून बाजूला ठेवल्या आणि मग दाराशी आलेल्या नव्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं, त्यांनी माझ्या मते त्या वर्षातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम केलं. नव्या चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही असेल तर आणखी एक प्रश्न होता: ‘हृदयाच्या ठोक्यांसाठी काही चालू आहे का? ईसीजी कधी काढला होता?’ दोन्ही औषधं ईसीजीतलं क्यूटी अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, वाढवतात आणि एकत्र आली की ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका चढतो. नाही म्हणणं सोपं नव्हतं. समोरचा माणूस घाबरलेला, चिठ्ठी खरी, आणि ‘तुम्ही कोण ठरवणार?’ हा प्रश्न ओठांवर. तिथे भांडण उपयोगाचं नसतं. चिठ्ठी हातात ठेवून ‘मी डॉक्टरांशी बोलतो, तुम्ही बसा’ म्हणणं उपयोगाचं.

उलट दिशेची अफवाही तितकीच घातक. त्याच मार्चमध्ये एसीई इनहिबिटर आणि एआरबी वर्गातल्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी विषाणूला पेशीत शिरायला दारं वाढतात, असं एक अनुमान बातम्यांत आलं. लोकांनी गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या. युरोपियन हृदयरोग संस्थेच्या रक्तदाब मंडळानं 13 मार्चलाच सांगितलं होतं की याला पुरेसा पुरावा नाही, उपचार चालू ठेवा. पण ते निवेदन रुग्ण वाचत नाही. रुग्ण काय करतो, तर तीन औषधांच्या चिठ्ठीतली दोनच मागतो. ‘ती तिसरी नको, आहे घरात.’ गेल्या महिन्यातही घरात होती का, हे ज्याच्या लक्षात येतं तोच ही चोरी पकडतो.

मात्र काही गोळ्या काही दिवस थांबवायच्याही असतात, आणि ते सांगायलाही तोच लागतो. उलट्या-जुलाब होताहेत, पोटात पाणी ठरत नाही, अशा वेळी मेटफॉर्मिन, ‘फ्लोझिन’ नावाच्या शेपटीची मधुमेहाची औषधं, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, एसीई इनहिबिटर आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं डॉक्टरांना विचारून तात्पुरती थांबवावी लागतात. कोरड्या पडलेल्या शरीरात त्यांतली काही मूत्रपिंडाला भारी पडतात, काही रक्तात आम्ल वाढवू शकतात. नीट खातापिता येऊ लागल्यावर एक-दोन दिवसांनी पुन्हा चालू. इन्सुलिन मात्र, विशेषतः टाइप 1 मध्ये, जेवण झालं नाही म्हणून पूर्ण बंद करायचं नाही. अफवेनं बंद केलेली गोळी आणि सल्ल्यानं थांबवलेली गोळी एकच असू शकते, हे घाईत समजावून सांगणं किती अवघड, ते ज्यानं करून पाहिलंय त्यालाच ठाऊक.

सॅनिटायझर. 2020 च्या मार्चमध्ये कित्येक देशांत फार्मसींना तो स्वतः बनवायची परवानगी मिळाली आणि विद्यार्थीदशेनंतर कपाटात गेलेले मापाचे नळे बाहेर आले. जागतिक आरोग्य संघटनेचं 10 लिटरचं सूत्र असं: 96 टक्क्यांचं इथेनॉल 8333 मिली, 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, 98 टक्क्यांचं ग्लिसरॉल 145 मिली. उरलेलं पाणी, ऊर्ध्वपातित किंवा उकळून गार केलेलं. पाण्याचा आकडा सूत्रात दिलेला नाही आणि तो वजाबाकीनं काढायचाही नाही. इथेनॉल आणि पाणी मिसळलं की दोघांचं मिळून घनफळ थोडं आकसतं. म्हणून 10 लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरायचं, एवढंच. ग्लिसरॉल नळ्याला चिकटून राहतं. नळा थोड्या पाण्यानं विसळून ते पाणी त्याच पिंपात घातलं नाही तर हात कोरडे पडतात आणि लोक ‘हा सॅनिटायझर झोंबतो’ म्हणून वापरायचं सोडतात. ग्लिसरॉल सढळ हातानं घातलं तर चिकचिक होते, मग पुसून टाकतात. झाकण लगेच लावायचं, नाहीतर अल्कोहोल उडून जातं.

तयार झालं तरी लगेच वापरायचं नाही. छोट्या बाटल्यांत भरून 72 तास ठेवायचं. पेरॉक्साइड हातांवरच्या जंतूंसाठी नसतंच. अल्कोहोलला जिवाणूंचे बीजाणू मारता येत नाहीत. बाटलीत किंवा कच्च्या मालात ते असतील तर पेरॉक्साइड या तीन दिवसांत त्यांचा निकाल लावतं. रांगेतल्या माणसाला दिसतं ते एवढंच, की मागे फळीवर भरलेल्या बाटल्या आहेत आणि आतला माणूस ‘परवा या’ म्हणतोय.

‘मग शंभर टक्के अल्कोहोलच का नको?’ हेही विचारलं जायचं. प्रथिनं बिघडवायला पाणी लागतं, आणि निव्वळ अल्कोहोल हातावर टिकतही नाही. म्हणून 80 टक्के. तपासायला अल्कोहोलमीटर असतो, तो द्रवात तरंगत सोडायचा आणि रेघ वाचायची. पण या यंत्राचा एक आंधळा कोपरा आहे. तो घनता मोजतो, आणि मिथेनॉलची घनता इथेनॉलच्या इतकी जवळ आहे की भेसळीचा माल त्यात अगदी शहाण्यासारखा तरंगतो. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीव जातो. 2020 च्या जूनपासून अमेरिकेत मिथेनॉल सापडलेल्या सॅनिटायझरच्या याद्याच निघू लागल्या होत्या. म्हणजे इथे शेवटी कामी येतं ते विश्लेषणाचं प्रमाणपत्र असलेलं पिंप घेणं आणि नसलेलं परत पाठवणं, त्या दिवशी गावात एक थेंब नसला तरी. आणखी एक: 80 टक्के इथेनॉलच्या वाफा साडेसतरा अंशांनाच ठिणगीनं पेट घेऊ शकतात. लहानशा मागच्या खोलीत, बंद खिडकीशी, हीटरशेजारी हे काम करणाऱ्यांचं नशीब थोर. आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत सॅनिटायझर भरून देऊ नये, हे लिहावं लागू नये, पण लिहितो.

16 जून 2020 ला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची बातमी आली. खरी, चांगली बातमी. रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांतले एक पंचमांशानं. मात्रा 6 मिग्रॅ, दिवसातून एकदा, जास्तीत जास्त दहा दिवस. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा नव्हता, उलट अपायाची शंका होती. बातमीतला हा तिसरा भाग लोकांपर्यंत पोचता पोचता गळून पडला. स्वस्त, जुनी, सगळीकडे मिळणारी गोळी, आणि पहिल्या तापालाच मागणी. घेतल्यावर बरं वाटतंही: ताप उतरतो, भूक लागते. आत प्रतिकारशक्ती दबते आणि साखर चढते. मधुमेह असलेल्याच्या साखरेचं काय होतं ते सांगायला नको. वाढलेली साखर, स्टेरॉइड आणि कोविड हे त्रिकूट एकत्र आलं की काळ्या बुरशीला, म्युकरमायकोसिसला, अंगण झाडून दिल्यासारखं होतं.

इथे नुसतं नाही म्हणून भागत नाही, माणसाच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. बहुतेक वेळा ते ऑक्सिमीटर आणि तो वापरायची रीत असते. पाच मिनिटं स्वस्थ बसा, हात गार असेल तर चोळून गरम करा, नखाला रंग असेल तर काढा, हात छातीच्या उंचीवर स्थिर धरा, आकडा किमान अर्धा-एक मिनिट ठरू द्या आणि मग वाचा. दिवसातून तीनदा, कागदावर, वेळेसकट. 94 च्या खाली आकडा टिकून राहिला तर गोळी शोधायची नाही, रुग्णालय गाठायचं. गडद त्वचेवर हे यंत्र खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवू शकतं. म्हणून 95 दिसतंय पण बोलताना धाप लागतेय, तर धाप खरी मानायची.

रुग्णालयातला फार्मासिस्ट काउंटरवर दिसत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं. अतिदक्षता विभागात तुटवडा असतो तो झोपेच्या आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा. नेहमीच्या मिडाझोलामच्या कुप्या 1 मिलीत 1 मिग्रॅच्या; साथीत मिळाल्या त्या 1 मिलीत 5 च्या. परिचारिकेचा हात जुन्या सवयीनं तेवढेच मिली ओढणार. म्हणून कप्पा वेगळा, लेबल वेगळ्या रंगाचं, आणि शक्य असेल तर औषध फार्मसीतूनच ठरलेल्या ताकदीला भरून पाठवायचं. प्रोपोफोल तेलात मुरवलेलं असतं, त्याच्या दर मिलीत 1.1 कॅलरी. तासाला 20 मिली चालू असेल तर दिवसाला पाचशेवर कॅलरी नुसत्या झोपेच्या औषधातून. नळीतून जाणाऱ्या आहारातून त्या वजा कोण करणार? पीपीई वाचावा म्हणून शिरेतून मोजून औषध सोडणारे इन्फ्यूजन पंप खोलीबाहेर आणले आणि लांब नळ्या जोडल्या. नळीत 10 मिली मावत असेल आणि औषध तासाला 5 मिलीनं जात असेल, तर नवं औषध रुग्णापर्यंत पोचायला दोन तास. पंपावर आकडा मात्र लगेच बदललेला.

ऑक्सिजनही औषधच. 15 लिटर प्रतिमिनिट घेणारे वीस रुग्ण म्हणजे तासाला 18,000 लिटर वायू. एक लिटर द्रव ऑक्सिजनचा साधारण 860 लिटर वायू होतो, म्हणजे टाकीतून तासाला एकवीस लिटर द्रव. टाकी भरलेली असूनही वॉर्डात दाब पडू शकतो, कारण द्रवाचा वायू करणाऱ्या नळ्यांवर बर्फ साचतं.

मग लस आली, आणि मापाची खरी परीक्षा सुरू झाली. फायझरच्या जांभळ्या टोपणाच्या कुपीत फक्त 0.45 मिली असायचं, उणे 60 ते उणे 80 अंशांत गोठवलेलं. वितळवायची, दहा वेळा हलकेच उलटीसुलटी करायची. जोरात हलवली तर आतल्या मेदाच्या सूक्ष्म कणांची मोडतोड होते. मग 1.8 मिली सलाइन घालायचं आणि सुई काढण्याआधी तितकीच हवा ओढून घ्यायची, नाहीतर आतल्या दाबानं लस बाहेर फवारते. पुन्हा दहा वेळा उलटसुलट. आता 2.25 मिली झालं, डोस 0.3 मिलीचा. सुरुवातीला कुपीवर पाच डोस लिहिले होते. 2020 च्या डिसेंबरात काम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं की सहावाही निघतो. सहा डोसांचे 1.8 मिली होतात, उरतात 0.45. प्रत्येक डोसमागे 0.075 मिलीपेक्षा जास्त सिरिंजच्या टोकात अडकून वाया गेलं की सहावा अपुरा. म्हणून टोकाशी कमी जागा सोडणाऱ्या सिरिंजांना एकाएकी सोन्याचा भाव आला. दोन कुप्यांतला उरलासुरला भाग जोडून एक डोस करायचा नाही, मोह कितीही होवो. कुपीवर वेळ लिहायची, सहा तासांनी उरलं ते टाकायचं.

पुढे राखाडी टोपणाची आली, तिच्यात सलाइन घालायचंच नाही. मग लहान मुलांची नारिंगी, 1.3 मिली सलाइन आणि 0.2 मिलीचा डोस. तीन टोपणं, तीन रिती, एकच फ्रीज. होणाऱ्या चुका ओळखीच्या होत्या: सलाइन घालायचं राहिलं आणि कडक लस गेली, सलाइन दोनदा पडलं, रिकाम्या झालेल्या कुपीत सलाइन घालून नुसतंच टोचलं गेलं. उपाय कंटाळवाणे आहेत आणि तेच चालतात. एका टेबलावर एकच रंग. पातळ करणारा एक, तपासणारा दुसरा, आणि तपासणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं.

2022 च्या जुलैत अमेरिकेत फार्मासिस्टना पॅक्सलोव्हिड हे कोविडवरचं औषध स्वतः लिहून द्यायची मुभा मिळाली. लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांत ते सुरू करावं लागतं आणि तेवढ्यात अनेकांना डॉक्टरची वेळच मिळत नाही, त्यामुळे निर्णय योग्यच. पण त्यातलं रिटोनाविर यकृतातलं एक विकर अडवून धरतं आणि इतर औषधांची पातळी चढवतं. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन आधी निदान बारा तास बंद, कोर्सभर बंद आणि नंतरही पाच दिवस बंद. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचं टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणूनचं औषध, तर काही पटींनी चढतं. तिथे आपण हात लावायचा नाही, त्या विभागाला फोन करायचा. मूत्रपिंड मध्यम अशक्त असेल तर मात्रा निम्मी: एका वेळी दोन गुलाबी गोळ्यांऐवजी एक, पांढरी मात्र तशीच. सुरुवातीला यासाठी वेगळं पाकीट नव्हतं. फार्मासिस्ट दिवसाच्या प्रत्येक पट्टीतून सकाळची एक आणि रात्रीची एक गुलाबी गोळी फोडून काढायचा आणि दोन्ही रिकाम्या खड्ड्यांवर मिळून एक स्टिकर लावायचा, म्हणजे रुग्णाला ‘गोळी हरवली’ असं वाटू नये. पाच पट्ट्या, पाच स्टिकर.

एक गोष्ट मापाबाहेरची. टाळेबंदीत घरात अडकलेल्या, मार खाणाऱ्या बायकांना बाहेर पडायला जी थोडी मान्य कारणं उरली होती, त्यांतलं एक होतं औषध आणणं. 2020 च्या मार्चमध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर ठरलं की फार्मसीत जाऊन ‘मास्क 19’ मागायचा. काउंटरमागचा माणूस मदतीला फोन करेल. पुढे फ्रान्सनंही फार्मसीची हीच वाट धरली. असा मास्क अर्थातच कुठे विकायला नव्हता.

लाट ओसरली की मोजदाद उलट दिशेनं सुरू होते. सॅनिटायझरची पिंपं मुदत संपायला टेकलेली, मोरीत ओतता येत नाहीत, ज्वालाग्राही कचरा म्हणून द्यावी लागतात. ऑक्सिमीटरमधल्या बॅटऱ्या आत गळलेल्या. आणि लोक पिशव्या घेऊन येतात: अर्धी संपलेली स्टेरॉइडची पट्टी, कधीच न उघडलेल्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या, ॲझिथ्रोमायसिनच्या तीनपैकी एक. परत आलेलं औषध पुन्हा विकायला ठेवता येत नाही, ते कुठे कसं ठेवलं होतं याचा भरवसा नसतो. सगळं नष्ट करायच्या डब्यात जातं. पिशवीच्या तळाशी बहुधा तापाच्या औषधाची एखादी लहान बाटली असते, लेबल सुटून गेलेलं, आत दोन बोटं द्रव. ‘ही ठेवू का हो, अजून चांगली दिसतेय?’ ती प्रकाशाकडे धरून पाहायची, टोपण उघडून पाहायचं, ड्रॉपर आहे का ते शोधायचं. 120 ची, 250 ची की थेंबांची, सांगता येत नाही. डब्यात.